पायथ्याशी नोका बसू, बाबू

नाई, नाई बाबू, तिथी नोका बसू, खाटेच्या पायथ्याशी नोका बसू — इकडं उशाकडं या, हे पोतं टाकलं, बसा. अन् हळू बोला, आत्ताच डोळा लागला आमच्या ह्याइचा. बोडीच्या पाळीवरून, एवढ्याशा तळ्यावरून घरी येता येता खाली बसा लागते, छातीवर हात ठेवून, अन् मले म्हनते गॅस होय. गॅस! नागपूरच्या दवाखान्यातून स्प्रिंग टाकून आनली तवापासून गॅसच होऊन राह्यला ह्या मानसाले. तुमी डाक्टर झाले, तुमाले काय सांगावं — पन हे चित्र काढून दाखवून राह्यले ना तुमी मले, ही मोठी नस, हा तिले फुटलेला फाटा, अन् मांगची जाळी, म्हन्जे तीच स्प्रिंग, फाट्याच्या तोंडावर आडवी बसली — हे काय मले समजत नाई? नहराच्या फाट्यावर फळी सरकली का त्या अंगची धानाची बांधी वाळते. एवढंच ना? समजलं. जाळी फाट्याच्या अलीकडं थांबाले पाह्यजे होती, जराशी पुढं सरकली, अर्धं तोंड बुजलं. समजलं, समजलं. ठेवून द्या तो कागद.

काय म्हनता? मशीनची चूक? फोटो एकाच बाजूनं घेतला, दोन्ही नसा एकावर एक दिसल्या, तोंड बरोबर दिसलंच नाई — असं? अन् आता तुमी मशीन तिरपं फिरवून पाह्यसान, एक तार मोठ्या नसेत, एक तार फाट्यात, जुन्या जाळीच्या भोकातून बारकासा फुगा घालून तोंड मोकळं करसान, अन् नवीन जाळी बरोबर तोंडाशी ठेवसान — सूतभर इकडं नाई, सूतभर तिकडं नाई. ह्याच केसपायी मुंबईले जाऊन शिकून आले म्हनता. चांगलं केलं. देव भलं करो तुमचं. पन बाबू, मशीन फिरवा, तार घाला, काईबी करा — फोटोची चूक नोहोती ते. तुमचे मोठे डाक्टर त्या दिवसापासून सोताच्या हाताले दोष देते? बिचारे. त्याइचा हात बी नाई चुकला. मंग कोनाची चूक? — असं नोका पाहू माह्याकडं. चहा घ्या. थंडा होऊन राह्यला.

पाय हालला टेबलावर, पायात गोळा आला होता, हो. तेच सांगतलं ना त्याइनं तुमाले? अन् तुमाले खरं वाटलं? आयुष्यभर धानाच्या चिखलात उभा राह्यलेला मानूस, त्याच्या पायात दवाखान्याच्या गार खोलीत गोळा येते! मले दामिनीची शपथ घातली हाये, कोनाले सांगाचं नाई म्हनून. मी नाई सांगत. मी काऊन सांगू? पोरीची शपथ हाये — पन तुमी मशीन मशीन करून राह्यले, अन् बुधवारी पुन्हा त्याच टेबलावर झोपवसान, अन् पुन्हा तेच होईन, मंग मी काय करू, सांगा! जांघेतून नळी टाकली होती, पाय हालवाचा नाई म्हनून दहादा बजावलं होतं — हालवला नाई त्याइनं, दगडावानी पडून होते. अन् तुमी आले. तुमी नवीन होते तवा, पाहाले आले, तोंडाले फडकं, डोक्यावर टोपी — तरी वळखलं त्याइनं. खांद्यावर घेऊन फिरवलेलं पोरगं चालन्यावरून नाई वळखनार? अन् येऊन उभे कुठी राह्यले तुमी? पायाकडं. तळवे सीधे तुमच्या तोंडाकडं. गुनवंतराव मालकाच्या लेकाले पाय दाखवून झोपला होता हा सालदार. ओढला पाय. गुडघ्यात जरासा वाकवला, बस. मोठे डाक्टर वरडले, "मनसाराम, पाय!" — तोवर बसली तुमची जाळी जिथी बसाची ते.

तुमाले मालूमच नोहोतं. कसं राहन. ते मले बी सांगत नोहोते. नागपूरहून येतानी बसमध्ये, मूल गाव सोडलं तवा म्हनते, बाबूसमोर पाय लांब करून कसा झोपू मी? — काय म्हनता, एवढ्यानं काय होते? एवढ्यानं! खळ्यावर ताप घेऊन झोपले होते एक दिवस, लगन नवीन होतं आमचं. मालक येऊन उभे राह्यले पायाकडं, ह्याइले तापात समजलं नाई. "पाय कोनाले दाखवतं रे?" म्हनले. अन् दिवस बुडेपर्यंत उन्हात उभं ठेवलं, अंगात ताप असून. मालक गेले आता, गेलेल्या मानसाचं काई बोलू नाई, म्या बोलाले नोको होतं — पन बोलली. अन् तुमी, चड्डीतलं पोरगं, तांब्याभर पानी नेऊन देल्लं त्याइले. आठवते का? नाई आठवत. ह्याइले तेवढंच आठवते. उनाचं नाव नाई काढत, गावभर पान्याचंच सांगत फिरते, आमच्या बाबूनं पानी पाजलं म्हने. राग येते मले. त्या पान्याचा बी राग येते.

दुसरा डाक्टर नाई का? हे काम तुमच्याबिगर कोनाले येतच नाई? मंग बेहोश करा ना. नाई करत — मानूस जागाच पाह्यजे, श्वास धर म्हनलं का धराले पाह्यजे. मंग? पाय बांधसान? — नोको बाबू. बाकी काईबी करा, ते नोको.

मंग उठा. उठा उशाकडून, पायथ्याशी जाऊन बसा. म्या नोका बसू म्हनलं होतं, आता मीच सांगून राह्यली, बसा. सवय होऊ द्या त्याइले. पाहा, झोपेत कसे लांब केले हायेत पाय. लेकरावानी. टाचेच्या भेगा पाहा. नजर नोका फिरवू जी, पाहा! — आता हाक मारा. नावानं नोका मारू, काका म्हना; लहानपनी काकाच म्हनत होते तुमी, मोठे झाल्यावर सोडलं. मारा. जोरानं.

अवं, जागे झाले? कोन आलं पाहा. नाई, नाई, उठू नोका! झोपून राहा, पाय तसेच राहू द्या — तसेच — काई होत नाई, डाक्टर होय तो, मालक नोहोय — म्या धरले हायेत, ओढू नोका — अवं, ओढू नोका म्हनलं ना —

हं. बसले उठून. दोन्ही पाय पोटाशी घेऊन. पाहा कसे धापा टाकून राह्यले. अन् वरून मलेच म्हनते, बाबूले पायथ्याशी काऊन बसवलं, खुर्ची आन.

ऊठ बाबू. चहा राह्यला तर राहू दे. बुधवारचं मले काई विचारू नोको, मले काईच समजून नाई राह्यलं. जा तू आता. तू गेल्याबिगर हा मानूस पाय पसरत नाई.