मागच्या गाडीनं

...आता ह्या कंडक्टरला काय करायचं होतं हो? तिकीट फाडावं, घंटीची दोरी ओढावी, गप बसावं... न्हाई! "गाण्याची पार्टी ना तुमी? मग वाद्यं कुठं हाईत?" आन आमचा आश्रुबा, खिडकीभायेर बघत, "मागच्या गाडीनं यायलेत."

तुमाला सांगतो, अठ्ठ्याहत्तर सालापसून हेच चालूय. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला, आन गावोगाव आमच्या वस्त्या पेटल्या. आश्रुबाचं घर पेटलं तवा माणसं भायेर होती, ढोलकी आत! बायको, केशरबाई, सदरा धरून वरडायली, आवो जाऊ नका... तर हा शिरला. ढोलकी गेलीच, उजव्या हाताची बोटंबी एकमेकाला चिकटून बसली.

बाजाची पेटीबी जळाली. पण गाणं जळंना की! आमच्या पार्टीतल्या लिंबाजीनं नाकातून पेटी काढली, पंडितनं जिभेवर तुणतुणं धरलं, आश्रुबानं गालात ढोलकी भरली, आन गायला केशरबाई, मागं सूर धरायला मी. हसू नका, डोळे मिटून ऐकलं तर फरक कळायचा न्हाई. पण डोळे मिटतंय कोण? पिंगळी गावच्या एका लग्नात नवरदेवाचा मामा, "ओ शाहीर, वाद्यं कुठं हाईत?" मागच्या गाडीनं. राणीसावरगावला जयंती, मांडव गच्च, लोक सुरूच करू देईनात... मागच्या गाडीनं. रेडिओवाले साहेब, एकदम शुद्ध, "अहो, वाद्यांशिवाय गाणं कसं घ्यायचं?" साहेब, मागच्या गाडीनं!

आन आश्रुबाला ते खरंच वाटायचं हो. एक दिवस ढोलकी मांडीवर घेणार म्हणून बोटांना रोज एरंडेल चोळायचा. केशरबाई म्हणायची, "हात हाय का गाय? धार काढल्यावानी काय चोळायलाव?" म्हणायची, आन तेलाची वाटी तीच आणून द्यायची.

चौऱ्याण्णवला विद्यापीठाला नाव लागलं. परभणीला आमचा सत्कार ठेवला, त्या एसटीनं तिकडंच निघालो होतो. स्टेजवर कोण? आमच्याच गावचे दिनकरराव! ज्यांच्या माडीवरून त्या दिवशी आमची वस्ती जळताना सगळी दिसत होती, आन जे खाली उतरले न्हवते, ते. हातात कोरी ढोलकी. "आश्रुबा, झालं गेलं इसरून जा. वाजीव."

आश्रुबानं मांडीवर घेतली. डावा हात पडला, घुमला. उजवा टेकवला... बोटं उघडंनात. लय वाईट वाटलं हो, मला तर बघवंना. मग गालातूनच, हळूच, थाप निघाली. केशरबाईनं डोळे पुसत गाणं उचललं. आन दिनकरराव मान डोलवायलेत, "बघा, वाद्य आलं की गाण्यात जान येती!"

आता ह्याला काय म्हणावं?

येताना एसटीत तोच कंडक्टर. ढोलकी बघून खूश. "आलं बुवा वाद्य एकदाचं. वाजवणारा कुठं हाय?"

आश्रुबानं उजवा हात उपरण्यात घातला.

"मागच्या गाडीनं यायलाय."