कौलांवरचा धूर

मीना : काका, बादली खाली ठेवा! आग नाय लागलीये!

पंढरी : कौलातून धूर निंगत व्हता, न आग नाय? अख्खा गाव धावत आला, बाय!

मीना : अहो, धूर कौलांवरूनच निघायला पाहिजे! पाईप त्याच्यासाठीच लावलाय. बिनधुराची चूल आहे ही, आमच्या विद्यापीठाची.

गोजरा : न तुमी तिच्यावर पानी वतलाव. पेटल्या चुलीवर! पयल्याच दिशी! काय बोलू मी तुमाला?

पंढरी : मना कोनी सांगला व्हता? मी व्हतू खाडीवर. लांबून बगला, घर पेटला. तू आत हायस... जाला टाकला न धावत सुटलू.

गोजरा : ...बरा. धाप लागली हाय, बसा जरा.

मीना : बसायला टाइम कुठाय, मावशी! विद्यापीठाच्या मॅडम निघाल्यात. जीपनं वाशीचा पूल ओलांडला असेल. ही चूल पेटलेली दिसली ना, तर विद्यापीठ घराघरात पाईप देणार. आणि शेजारच्या गावात चुली बांधायला तुम्ही शिकवणार! आम्ही कॉलेजच्या पोरी नुसत्या हाताखाली. नाही दिसली, तर आमचं कॉलेजचं हे शिबिर दुसरीकडे जाईल.

गोजरा : गावाचा ऱ्हाऊ दे, माज्या डोल्यांचा काय? डाक्तर बोलला, धूर सोड, नायतर दिसायचा बंद होल. न भाकर काय डाक्तर भाजनार? ती सुकी लाकडा आन हिकडं. चुलीची माती भिजली तरी माती हाय, साखर नाय.

मीना : फुंकू? पेटली! मावशी, पेटली! ...अरे, धूर आत का येतोय? डोळे मिटा, बाजूला व्हा! सकाळी तर मस्त वर जात होता. मापं मीच घेतली होती, कॉलेजच्या सरांनी तपासली पण होती. काय चुकलं माझं?

गोजरा : रडू नको, पोरी. रडायचा काम माजा, चुलीपुढं. ...अवो, तुमची नजर का वर कौलांकडं?

पंढरी : पानी वतायच्या आदी मी वर गेलतू.

मीना : वर? छपरावर?

पंढरी : मना वाटला, धूर दाबला तं आग विजल. म्हनून त्या पाईपावर मडका घातला. पालथा.

गोजरा : कोनचा मडका?

पंढरी : तुजा. पान्याचा.

गोजरा : देवा रे माज्या! बगताव काय, काढा तो!

(पंढरी छपरावर चढतो. कौलं वाजतात.)

मीना : काका, सांभाळून! ...गेला! मावशी, डोळे उघडा, सगळा धूर वर गेला! झक्कास!

गोजरा : अगो बाय... समोरची भिंत दिसते. खंडोबाचा फोटू दिसतो. थांब, भाकर टाकतेच!

मीना : जीप आली! काका, उतरलात? चला बाहेर, मॅडमना तुम्हीच सांगा.

पंढरी : तू हो पुढं, बाय. मी बसतू हितं.

गोजरा : चुलीपाशी? धुराच्या पायी तुमी आत कवा बसलाव नाय. न असा काय बगताव?

पंढरी : काय नाय. भाकर थापताना तुजा तोंड मना आज दिसला.