रॉयल बॅचची फी

—नाई नाई, तसं नाई भाऊ, बोर्डावर लिहून आहे ते साध्या बॅचचं. महिन्याचे आठ क्लास, चार हजार, टोपी क्लबची, बूट तुमचे. अन् ही पांढरी, चांदणी, जिच्यावर तुमची पोट्टी आता ट्रायलले बसून आहे ना, ही रॉयल बॅचची. तिचे साडेसहा. आता तुम्ही म्हणसान, चार पाय हिले अन् चार पाय त्या तांबड्यालेही, मंग वरचे अडीच हजार कायचे? बरोबर इचारून राहिले. हिंगण्याले कंपनीत शिफ्ट करणाऱ्या माणसानं इचारलंच पाहिजे. बसा ना, उभे काहून? या ओट्यावर बसा. दसऱ्याची सुट्टी, ऑफिसात सरायच्या पुढं चार पालक बसून आहेत, तुमचा नंबर यायले टाइम आहे. मी इथला सईस, खरारा करतो, लीद उचलतो — मले इचारा, मी खोटं नाई सांगत.

घोडं पोसणं म्हणजे हत्ती पोसण्याची लहान बहीण. हरभरा, चोकर, कुट्टी, दीड महिन्याले नाल, पोट दुखलं की डॉक्टर, अन् घोड्याचं पोट रविवार पाहूनच दुखते. त्या चार हजारात सर काही कोणाले लुटून नाई राहिले, हे मी देवाच्या नावानं सांगतो. वरचे अडीच हजार मात्र घोडीचे नाई. ते भिंतीवरच्या फोटोचे. पाहिला ना ऑफिसातला फोटो? लाल मखमली कोट, सोनेरी पट्ट्या, साफा, ह्या एवढ्या मिशा. खाली इंग्रजीत लिहून आहे. मले इंग्रजी येत नाई, बॅचमधल्या मिनलनं वाचून दाखवलं — रिसालदार ताराचंद, सरायचे वडील, फौजेतले घोडेस्वार. वरून चंदनाचा हार. तुम्ही हात जोडले असन. सगळेच जोडते, बायका तर चप्पल काढते. मंग सर हळूच सांगते, ही चांदणी बाबांच्या घोडीच्या वंशाची. झालं, साडेसहा.

थांबली का ती? फाटकाशी थांबली? भिऊ नका भाऊ, पोट्टीले काही होत नाई. तिथं ती थांबतेच. सर पालकायले सांगते की खानदानी जनावर आहे, मूड असते. कायचा मूड. तिले फाटक दिसलं की मांडव वाटते. नवरदेवाच्या बहिणीनं भिजवलेली चण्याची दाळ चारल्याशिवाय घोडीनं दारातून पाय नाई उचलायचा, असं शिकवलं आहे ना तिले. खिशात ठेवतो मी दाळ. एक मिनिट — देऊन येतो.

झालं. चालली पाहा. पोट्टीनं लगाम गच्च धरला होता, आता हसून राहिली. काय नाव तिचं? चिन्मयी. चांगलं बसते, पाठ सरळ आहे.

—काय म्हणले? हाव. लग्नाची घोडी. आता निघालं तोंडातून तर निघालं, कोणाले बोलू नका म्हणजे झालं. कामठीची आहे. सतरा वर्षं वरातीत गेली माही — हाव, माहीच. बँडवाल्यानं ढोल धरला की हिच्या पायात अशी लय यायची, की नवरदेवापेक्षा लोक हिलेच पाहायचे. दोन होत्या माह्याकडं, ही अन् हिची बहीण बिजली. बिजली पोट्ट्याच्या फीसाठी इकली. पोट्ट्याले लहानपणापासून घोड्याचं वेड, कन्हानच्या रेतीत मीच शिकवलं त्याले, बिना खोगिराचं. मंग म्हणे, बाबा, पुण्याले कोर्स आहे, सर्टिफिकेट भेटते, सर्टिफिकेटाशिवाय कोणी लेकरू हातात देत नाई. म्हणलं घे. तुम्ही साडेसहा हजाराले इचार करून राहिले ना भाऊ, करा, पण मी एका दमात एक घोडी दिली. जाताना बिजलीनं मान वळवून पाहिलं, तर मी तिकडं पाठ केली. जितू शिकून आला, ही जागा घेतली किरायानं, चांदणीपासूनच सुरुवात केली—

जितू म्हणजे सर. हाव. हेच, तुमचे सर. काहून असे पाहून राहिले? फोटोतला ताराचंद मीच, मिशा नाईत म्हणून ओळखू येत नाई. फोटोत आहेत त्या. लाल कोट वरातीचा आहे, आम्ही घोडीवाले घालतो, लोकायले फौजेचा वाटते कारण जितूनं खालून फोटो कापला, घोडीची झूल अन् झालरी सगळी गेली. तो मागाले आला तेव्हा मले काय माहीत? बाबा, तुमचा एखादा चांगला फोटो द्या, ऑफिसात लावतो म्हणे. मले एवढा आनंद झाला, मी फ्रेम माह्या पैशानं केली, खिळाही मीच ठोकला, तो खालून सांगे, जरासा डावीकडं घ्या बाबा. सगळ्या गल्लीले सांगतलं माह्या बायकोनं, जयवंतानं, पोट्ट्यानं बापाचा फोटो लावला म्हणून. मंग एक दिवस म्हणे, पालक ओळखते, तुम्ही मिशा काढा. म्हणलं धंद्याचं असन काही. बाप मेल्यावर पोट्टे मिशा काढते भाऊ, इथं बापानंच काढल्या. अन् तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी झाडायले गेलो, तर हार.

मी तसाच उभा राहिलो झाडू घेऊन. माह्याच तोंडाले हार. त्याले इचारलं. ओरडलो नाई. तो कॉम्प्युटरकडं पाहूनच बोलला. म्हणे, "घोडीवाल्याच्या पोराकडं कोणी लेकरू पाठवन का बाबा? रिसालदाराच्या पाठवते. अन् रिसालदार जिवंत असला तर लोक भेटाले मागते." बरोबर आहे त्याचं. तेच तर दुखते, बरोबर आहे. तुम्ही आले असते का? नका सांगू. तवापासून रोज सकाळी त्या काचेवर कपडा मारतो, हाराची धूळ झटकतो. इथं तो मले ताराचंदही नाई म्हणत, नाव फोटोले गेलं ना — मले काका म्हणते. काका, घोडी आण. काका, पाणी दाखव. हाव सर.

मले मारलं त्याचं इतकं नाई भाऊ. मी म्हातारा, आज ना उद्या. पण माही बायको जिवंत आहे. तिकडं कामठीले रोज कुंकू लावून राहिली ती, मंगळसूत्र गळ्यात, संक्रांतीले वाण वाटते, अन् इकडं पोटच्या पोरानं तिचं कुंकू खिळ्याले टांगून ठेवलं. याले काय म्हणाचं? धंदा म्हणाचं? तिले मी सांगतलं नाई. काय सांगू, कोणत्या तोंडानं? ती इथं कधी येत नसे म्हणून निभलं. अन् काल रात्री जेवताना म्हणे, दरसाल दसऱ्याले चांदणीची पूजा घरी होते, यंदा घोडी तिकडं आहे तर मीच येते. फोटोही पाहून घेते. म्हणलं, नको वं, कशाले त्रास, ऑटोत गर्दी असते, कंबर दुखन. आयकते का ती? झेंडूचा हार ओवत बसली घोडीसाठी.

म्हणूनच तुमच्याशी बोलून राहिलो, खरं सांगतो. सकाळी आलो तर ऑफिसले कुलूप, आता सर तिथंच बसून. तुम्ही फी भराले जासान ना, तर जरा — खुर्चीवर चढून नाई, हात पुरते — तो हार तेवढा काढून खिशात टाका. सरायनं इचारलं तर म्हणा, धूळ होती. तुम्ही गिऱ्हाईक, तुमाले नाई बोलत तो. मी काढला तर माहा अन् त्याचा हिशोब आजच होईन, अन् तो मले नाई पाहिजे. तिनं आज पाहिलं नाई पाहिजे, एवढंच. उद्याचं उद्या. कराल का? एवढं करा, तुमच्या पोट्टीले मी स्वतः शिकवतो, कन्हानच्या रेतीसारखं—

कोण? कुठं? हिरवं लुगडं अन् हातात ताट? कधी गेली आत? मागच्या फाटकानं गेली, अन् तुम्ही आता सांगून राहिले भाऊ.

थांबा. बोलू नका.

बाहेर आली. ताट कुठं गेलं तिचं? हातात हार आहे. झेंडूचा नाई तो, चंदनाचा आहे. पालक सगळे दारात आले. जितू मागून येऊन राहिला, तिनं मागं पाहिलंच नाई, सरळ इकडं येऊन राहिली, चप्पलही नाई पायात. त्यानं हाक मारली. ऐकली का तुम्ही? "बाबा" म्हणला. "बाबा, आईले समजवा ना." एवढ्या लोकायसमोर म्हणला. क्लब सुरू झाल्यापासून चारचौघात पहिल्यांदा म्हणला.

नाई. मी नाई ओ देत. ज्याले हार घातला तो ओ देत नसते भाऊ.

तुम्ही उठा. ही दाळ घ्या, चांदणी परत फाटकाशी थांबली पाहा. पोट्टीले उतरवा अन् तिच्या हातानं चारा, म्हणजे हलन ती. मंग फी भरा नाई तर घरी जा, जे कराचं ते करा. जा आता. माही बायको येऊन राहिली.