दिवा तोच ना?

मुलगी: घट्ट धरू, की नुसतं टेकवून ठेवू?

काका: टेकवून. नरसाळं आहे ते, चोर नव्हे. बादलीच्या तोंडावर सरळ बसलं की झालं. रात्रीचा पतंग, आपलं पाखरू, दिव्याकडे येतं, या तीन उभ्या पट्ट्यांवर आपटतं, घसरत नरसाळ्यातून खाली बादलीत जातं. आत अंड्यांचे पुठ्ठे. त्यांच्या खळग्यांत बसून राहतं बिचारं. सकाळी मोजायचं आणि सोडून द्यायचं. एवढाच खेळ.

मुलगी: माहीत आहे काका. अकरा वर्षं घरात हेच ऐकलंय.

काका: हो गं, सवय लागलीय. नव्या माणसाला समजवायला तुझ्या बाबाला मीच लागायचो. तो सरळ आकड्यांवर यायचा आणि समोरचा जांभया द्यायचा.

मुलगी: आमच्याकडे अंडं कुणी खात नाही. तरी माळ्यावर पुठ्ठ्यांची ही एवढी चळत. शेजारच्या काकू आईला विचारायच्या, चोरून खाता का हो तुम्ही?

काका: आणि तुझी आई म्हणायची, मला सवत आहे आणि तिला पंख आहेत. पहिला सापळा आठवतो तुला? रंगाच्या डब्याचा केला होता मी. घासलेटनं तीनदा धुतला, तरी वास राहिला. सकाळी बघतो तर निम्मी पाखरं आत मेलेली. काट्या दोन दिवस नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी कोरी बादली घेऊन दारात उभा. म्हणाला, चल, पुन्हा कर.

मुलगी: बाबांना काट्या म्हणणारे तुम्ही एकटेच उरलात.

काका: नाव मी नाही पाडलं. बाजारानं पाडलं. वजनमापे खात्याचा माणूस, गल्लीत शिरला की दुकानदारांचे काटे आपोआप सरळ व्हायचे. काट्या आला, काट्या आला. मी फक्त उचललं.

मुलगी: घरी दूधवाल्याचं मापसुद्धा सोडलं नाही त्यांनी. मला ताप आला की आधी थर्मामीटर तपासायचे, मग मला. काका, दोन्ही सापळे आज होतील ना? उद्या सकाळी पाखरांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेतल्या मॅडम येणार. सापळे आणि बाबांच्या वह्या, दोन्ही घेऊन जाणार आहेत.

काका: वह्यासुद्धा उद्याच?

मुलगी: या पिशवीतच आहेत. बाबांना जाऊन सहा महिने झाले, मी तरी किती दिवस उशाशी घेऊन झोपू? मॅडम म्हणाल्या, एकाच माणसानं, एकाच घळीत, एकाच दिव्याखाली अकरा वर्षं मोजलेलं त्यांनी कुठे पाहिलं नाही. छापणार आहेत. बाबांच्या नावानं.

काका: एकाच दिव्याखाली.

मुलगी: हो. का?

काका: काही नाही. तो स्क्रूड्रायव्हर दे. तो नव्हे, लाल मुठीचा.

मुलगी: तुम्ही तोच स्क्रू तिसऱ्यांदा काढताय.

काका: हात पूर्वीसारखा राहिला नाही गं.

मुलगी: मघाशी तारांना एवढा बारीक डाग दिलात, तेव्हा तर बरा होता. मी घाई करतेय का? चहा घेऊन मग करू या.

काका: नको. तू सांग, वह्यांत काय काय लिहिलंय त्यानं? शेवटी शेवटी?

मुलगी: शेवटी वाचवत नाही. आधीची बघा ना, अमावास्येला दोनशे चाळीस, दोनशे साठ. एकदा तीनशे अकरा, त्यापुढे बाबांनी चक्क उद्गारचिन्ह काढलंय. सगळ्या वह्यांत मिळून तेवढं एकच. आणि साडेतीन वर्षांपूर्वी एकदम ऐंशी. मग सत्तर. मग पासष्ट. शेऱ्याच्या रकान्यात थंडी, वारा, पाऊस अशी कारणं शोधलीत. वर्षभरानं कारणं लिहिणंही सोडलं. हे शेवटचं पान. साठ. शेरा, घळ संपत आली.

काका: असं लिहिलंय?

मुलगी: असंच. दवाखान्यात त्यांची खाट खिडकीजवळ होती. संध्याकाळी नर्सनं दिवा लावला की म्हणायचे, बंद करा. उरली असतील दोन-चार, त्यांना कशाला भुलवायचं? आम्हाला वाटायचं, तापात बरळतायत. पण ताप नसतानाही तेच. शेवटचे बारा दिवस मी आणि आई अंधारात बसलो, काका. सलाइन संपलं की नाही ते मोबाइलच्या उजेडात बघायचो, तोही ओंजळीत झाकून.

(काका हातातली दिव्याची नळी टेबलावर ठेवतो, ती घरंगळू नये म्हणून तिच्याखाली फडका सरकवतो.)

काका: पोरी, वह्या देऊ नकोस.

मुलगी: म्हणजे?

काका: निदान उद्या तरी नको. त्यातली शेवटची तीन वर्षं खोटी आहेत.

मुलगी: बाबा एक पाखरू जास्त लिहिणार नाहीत आणि एक कमी लिहिणार नाहीत.

काका: त्यानं खरंच लिहिलं. दिवा खोटा होता. मी बदलला होता.

मुलगी: काय बोलताय तुम्ही?

काका: आता बोललोय तर पुरतं बोलू दे. त्याच्या छातीचं ऑपरेशन झालं, डॉक्टरनं सांगितलं, जड उचलायचं नाही. सापळ्याची जुनी बॅटरी म्हणजे गव्हाच्या अर्ध्या पोत्यासारखी लागायची हाताला. ती काखोटीला मारून हा घळ उतरायचा आणि चढायचा. तुझी आई इथे, याच स्टुलावर बसून रडली. म्हणाली, भावजी, काहीही करा पण ते वजन कमी करा, नाहीतर एक दिवस हे तिथेच पडतील. मी काट्याला म्हटलं, लहान बॅटरी घालू, दिवाही नवा बसवू. तो उखडला. दिवा बदलला तर आधीची सगळी मोजणी पाण्यात, म्हणाला. मी दुसरा कुणीतरी शोधतो, तू राहू दे.

मुलगी: मग?

काका: मग मी त्याला फसवलं. बाजारात जांभळ्या उजेडाच्या पट्ट्या मिळतात, बारीक दाण्यांच्या. त्यातली एक रिकाम्या काचेच्या नळीत घातली, टोकांना दुसऱ्याच एका जळक्या ट्यूबच्या टोप्या बसवल्या. हीच ती, टेबलावरची. लावली की माणसाच्या डोळ्याला फरक कळत नाही; पाखराला कळत असेल हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. बॅटरी इवलीशी पुरायला लागली. त्याला सांगितलं, बॅटरी नवीन जातीची आहे, दिवा तोच आहे.

मुलगी: आणि त्यांनी तपासलं नाही?

काका: नाही. साऱ्या गावाची मापं तपासली. माझं कधी तपासलं नाही.

मुलगी: आईला माहीत होतं?

काका: दिव्याचं नाही. तिनं वजन कमी करा म्हटलं. कसं केलं ते माझं पाप.

मुलगी: पण आकडा पडला तेव्हा तरी कळलं असेल तुम्हाला.

काका: पहिल्या महिन्यात म्हणाला, ऐंशीच आली. म्हटलं, गारठा असेल. दुसऱ्या महिन्यात म्हटलं, वारा असेल. वह्यांतली ती कारणं निम्मी माझीच आहेत. तिसऱ्या महिन्यात मनात पाल चुकचुकली. पण सांगितलं असतं तर त्यानं त्याच पावली जुनी बॅटरी उचलली असती. मी स्वतःला म्हटलं, खट्टू राहील, पण जिवंत राहील. आणि खरं सांगू? भीतीही वाटली. चाळीस वर्षांची दोस्ती. त्यानं खोटा काटा सापडलेल्या दुकानदाराची कधी गय केली नाही.

मुलगी: त्यांनी विचारलंच नाही कधी?

काका: विचारलं ना. दर महिन्याला सापळा इथे ठेवून जायचा. मी झाडून-पुसून, बॅटरी भरून द्यायचो. निघताना दारात थांबून विचारायचा, दिवा तोच ना? मी म्हणायचो, तोच.

मुलगी: तीन वर्षं. म्हणजे छत्तीस वेळा.

काका: तेवढं झालं असेल.

मुलगी: छत्तीस वेळा बाबांच्या डोळ्यांत बघून खोटं बोललात तुम्ही.

काका: डोळ्यांत नाही गं. दर वेळी मी स्क्रूड्रायव्हर शोधत होतो.

मुलगी: मला घरी जायचंय. ती पिशवी द्या.

काका: ही घे. जा. जावंसंच वाटेल तुला.

मुलगी: पण तुम्हाला खात्री कशावरून? खरंच पाखरं कमी झाली असतील. हा योगायोग असेल.

काका: मलाही तसंच वाटावं म्हणून तीन वर्षं धडपडलो. तू हे दोन सापळे सांगितलेस, अगदी जुन्यासारखे हवेत म्हणालीस, तेव्हा माळ्यावरून सापळ्याची मूळ ट्यूब काढली. फेकली नव्हती. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होती. शनिवारी गच्चीवर दोन पांढऱ्या चादरी बांधल्या. एकीपुढे ट्यूब, एकीपुढे ही नळी. नळीवर बारा आली. ट्यूबवर पन्नासच्या पुढे मोजायचं मी सोडलं आणि खाली बसलो.

मुलगी: म्हणजे आहेत.

काका: काय?

मुलगी: पाखरं. घळीत आहेत ती. बाबा खिडकीशी अंधार करून पडले होते तेव्हाही होती.

काका: असतील. कदाचित सगळी असतील, कदाचित थोडी कमी झाली असतील. आता ते कुणालाच सांगता येणार नाही. तेच तर मोडून ठेवलं मी.

मुलगी: मी लावला असता हो दिवा. एकदा जरी माहीत असतं तरी दवाखान्याच्या खिडकीत लावला असता. दोन आली असती काचेवर, तरी बघितली असती त्यांनी.

काका: रड तू.

मुलगी: मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका.

काका: माफी मागितलीच नाही मी. मागायची त्याच्याकडे होती.

मुलगी: ती ट्यूब चालू आहे अजून?

काका: ठणठणीत. पण एकच आहे. तशा आता बनत नाहीत. म्हणून तर सकाळपासून एकाच स्क्रूशी झटापट चाललीय. मॅडमना दोन सारखे सापळे हवेत, दोन दिवे आणू कुठून?

मुलगी: सारखे नकोत. एकात ट्यूब बसवा. दुसऱ्यात ही नळी.

काका: खोटा दिवा? तो तर मी आज फोडणार होतो.

मुलगी: फोडायचा नाही. बाबा खोटं वजन पकडायचे तेव्हा काय करायचे?

काका: जप्त करायचा. आणि आपल्याकडच्या खऱ्या वजनाशी लावून, किती ग्रॅम खोट आहे ते कागदावर लिहायचा. दुकानदार म्हणायचे, साहेब, खोटं ते खोटं, ग्रॅम कशाला मोजता? तो म्हणायचा, खोट किती ते कळल्याशिवाय गिऱ्हाइकाचं किती गेलं ते कसं कळणार?

मुलगी: आमच्या लॅबमध्येही मशीन चुकलं की रक्ताचे जुने रिपोर्ट कुणी जाळत नाही. किती चुकत होतं ते आधी बघतात. दोन्ही सापळे घळीत लावायचे, बाबांच्याच जागेवर. एका महिन्यात ट्यूब, दुसऱ्या महिन्यात नळी, वर्षभर आलटून पालटून. नळीवर किती कमी येतात ते कळलं की ती तीन वर्षं निदान अंदाजानं तरी सरळ करता येतील. मॅडमना मी हे सगळं सांगणार आहे. तुमच्यासकट.

काका: सांग. लपवू नकोस काही.

मुलगी: आणि ट्यूबच्या सापळ्याची बॅटरी जुनीच लागेल?

काका: तीच लागेल. जडच.

मुलगी: मी उचलीन.

काका: एकटी नको. एका बाजूनं मी धरीन. घरी बसून तरी काय करणार आहे?

मुलगी: ते बघू. हे पेन घ्या. आणि ही सहावी वही, हे पान. इथे आकडा पडलाय पहिल्यांदा. समोर शेऱ्याचा रकाना आहे. तुमच्या हातानं लिहा.

काका: त्याच्या वहीत मी? अक्षर बघ माझं, मुंगी शाईतून चालल्यासारखं.

मुलगी: लिहा.

काका: चष्मा दे. हं. या तारखेपासून... दिवा... बदलला होता. मोजणाऱ्यास माहीत नव्हते. बरोबर?

मुलगी: बरोबर. खाली सही.

काका: ही केली. रकान्यात कारणासाठी बोटभर जागा उरलीय. त्यात काय लिहू? सगळं कुठे मावायचं त्यात? तुझी आई, ऑपरेशन, माझा भित्रेपणा. तू सांगशील ते लिहितो.

मुलगी: बाबांना लांबलचक शेरे आवडायचे नाहीत.

काका: मग?

मुलगी: लिहा, बॅटरी जड होती.