कानात सांगायचं नाव

नंदिनी : मावशी, राग नका मानू, पण तुमच्यात मेलेला माणूस पुन्हा कुणाच्या घरात जन्मला ते शोधून काढतात, हे खरंय का?

पेमा : आधी स्वेटर घे, मग विचार.

नंदिनी : घेते ना. तो जांभळा दाखवा. पण खरंय का?

पेमा : कोणी पाठवलं तुला? त्या मोमोच्या गाडीपाशी उभ्या राहून खिदळतात, त्यांनी?

नंदिनी : त्यांनीच. ती हिरव्या ओढणीवाली सायली. म्हणाली, राजनंदिनी, वक्तृत्वाचं बक्षीस आणल्यापासून तू स्वतःला लई भारी समजतीस ना, मग जा, त्या तिबेटी मावशीला विचारून दाखव. विचारलं तर मोमो तिच्याकडून. मी म्हटलं, त्यात काय, मी कलेक्टरलापण विचारीन.

पेमा : अगं बाप्पा! कलेक्टर काय सांगेल यातलं?

नंदिनी : मावशी, तुम्ही 'अगं बाप्पा' म्हणता! एकदम नागपूरवाल्यांसारखं.

पेमा : मग कसं म्हणू? गोंदियाकडची आहे मी. गोठणगावच्या कॅम्पात जन्मली. तिबेटातून माझे आईबाप आले, मी नाही. दर दिवाळीनंतर या गावात दुकान लावते, संक्रांत झाली की जाते. हा घे जांभळा, तुझ्या मापाचा आहे. आता जा, मोमो खा.

नंदिनी : पण तुम्ही उत्तर नाय दिलं.

पेमा : मैत्रिणींना सांग, मावशी हो म्हणाली.

नंदिनी : त्यांचं झालं मग. आता माझ्यासाठी विचारते.

पेमा : म्हणजे?

नंदिनी : सायलीनं पैज नसती लावली ना, तरी मी आले असते. परवापण येऊन गेले, तेव्हा तुमच्याकडं गिऱ्हाईक होतं. मावशी, माझा भाऊ गेला. सत्यमदादा. मागच्या वर्षी, पैठण रोडवर, मोटारसायकलवरून. बारावीत होता.

पेमा : बस. त्या गठ्ठ्यावर बस, बेटा.

नंदिनी : नको. मी रडत नाय आता. तुम्ही फक्त ऐका. गंगापूरला माझी काकू असती, सोनियाकाकू. तिला बाळ झालंय, सव्वा महिन्याचं आहे. त्याच्या उजव्या खांद्यावर डाग आहे. दादाच्यापण तिथंच होता, लहानपणी चहा सांडला होता त्याच्यावर.

पेमा : भाजल्याचा डाग? तो तर जन्मल्यानंतर पडला ना.

नंदिनी : मी तेच म्हटलं! पण मम्मीला ऐकायचंच नाय. तिनं मोबाइलवर तुमच्या मठाचा व्हिडिओ बघितला. एका छोट्या मुलासमोर वस्तू मांडतात, काही मेलेल्या लामाच्या, काही दुसऱ्याच कुणाच्या. आणि ते मूल बरोबर लामाच्याच उचलतं. झालं. मम्मी गंगापूरला गेली आणि बाळाच्या हातापाशी दादाच्या गाडीची किल्ली ठेवली, बाजूला पप्पांचं पेन. बाळानं किल्ली धरली.

पेमा : एवढंसं पोर काहीपण धरतं. माझ्या नातवानं एका लामाचं नाक धरलं होतं, सोडेचना.

नंदिनी : हसू नका ना, मावशी.

पेमा : हसत नाही. बोल.

नंदिनी : आता सगळ्यांनी ठरवून टाकलंय, बाळाचं नाव सत्यम. रविवारी बारसं आहे. अन् दूध सुटलं की बाळ आमच्याकडं उस्मानपुऱ्यात येणार, शिकायला म्हणे. काका पप्पांच्या शब्दाबाहेर नाय. शेत दोघा भावांचं, पण शब्द एकट्या पप्पांचा.

पेमा : आणि त्याची आई?

नंदिनी : काकूनं ओजस नाव काढलं होतं. पोटात होतं तेव्हापासून मनाशी धरून ठेवलेलं. आजी म्हणाली, ओजस काय, ओझं म्हण की सरळ. सगळे हसले, काकूपण हसली. मग मी पाणी प्यायला आत गेले, तर काकू मोरीपाशी उभी राहून पदर तोंडात कोंबून रडत होती.

पेमा : ते त्यांच्या घरातलं झालं. त्यात तू काहून पडते?

नंदिनी : कारण नाव मीच सांगणार आहे! पप्पांना अन् काकाला बहीण नाय, म्हणून आत्याचा मान मला दिलाय. पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचं, कुर्रर्र करायचं, मग बायका पाठीत धपाटे घालतात. मी सांगीन ते नाव. म्हणून विचारते, मावशी. खरंच येतात का माणसं परत? दादाच असंल तर मी शंभरदा सांगीन. घसा बसेपर्यंत सांगीन.

पेमा : मी काही लामा नाही. मी स्वेटर विकते.

नंदिनी : पण तुम्ही बघितलं तर असंल ना कुणाला, असं परत आलेलं?

पेमा : हं.

नंदिनी : कुणाला?

पेमा : माझ्या भावाला. नोर्बू. माझ्याहून लहान. चार वर्षांचा होता तेव्हा कॅम्पात जीप आली. कर्नाटकातल्या एका मोठ्या मठातले भिक्खू होते. त्यांचा म्हातारा लामा वारला होता, त्याला शोधत फिरत होते. कुणाला तरी स्वप्न पडलं होतं, तळं, आणि तळ्यापाशी टिनाचं घर. आमचं घर टिनाचं. त्यांनी चटईवर माळा मांडल्या, घंटी मांडली, चहाच्या वाट्या मांडल्या. नोर्बूनं सगळ्यात जुनी माळ उचलली, गळ्यात घातली, म्हणाला, ही माझी.

नंदिनी : बापरे! म्हणजे खरंच की!

पेमा : सगळे पाया पडले. बाबा पडले, आई पडली. आपल्याच पोराच्या. आईला इतकी खुशी झाली, अख्ख्या कॅम्पाला चहा पाजला तिनं. मग ते त्याला घेऊन गेले.

नंदिनी : मग भेटायचं कसं?

पेमा : वर्षातून एकदा जायचो. मठ काय सुंदर होता, बेटा! लाल खांब, लोण्याच्या दिव्यांच्या रांगा, आत गेलं की तो वास दोन दिवस केसांतून जात नाही. दोन्हीकडं भिक्खू ओळीनं बसलेले, हे मोठे नगारे, आणि समोर उंच आसनावर नोर्बू. एवढं उंच की त्याला उचलून वर ठेवायचे. आई खाली, लोकांच्या लायनीत, दोन्ही हातांत पांढरं वस्त्र धरून. नंबर आला की त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवायचा, की तिनं पुढं सरकायचं.

नंदिनी : आईच्या डोक्यावर? पोरानं?

पेमा : आता तो पोर कुठं होता! रिन्पोचे होता, मोठे गुरुजी. आई त्याच्यासाठी खापसे तळून न्यायची, तुमच्या शंकरपाळ्यासारखे असतात. त्याचे शिक्षक हसून घ्यायचे आणि बाजूला ठेवायचे.

नंदिनी : त्यानं आईला ओळखलं नाय का?

पेमा : ओळखलं ना. पहिल्या वर्षी तर आसनावरून खाली घसरला, पळत आला, आईच्या झग्यात तोंड घातलं. त्याला उचलून परत वर बसवलं. दुसऱ्या वर्षी तो उतरलाच नाही.

नंदिनी : किती वाईट होते ते लोक!

पेमा : नाही नाही, असं नको म्हणू. फार जीव लावला त्यांनी. असे परत आलेले दुसरे किती तरी आहेत, शिकून मोठे झाले, लोकांच्या कामी येतात. एकेकाला पचतं. नोर्बूला नाही पचलं. म्हातारे लोक यायचे, त्याच्या पायाशी बसून रडायचे. गुरुजी, मागच्या जन्मी तुम्ही मला अमुक म्हणाला होता, आठवतं का? याला काय आठवणार? एवढासा तर होता. एकदा मला हळूच म्हणाला, अचा, म्हणजे ताई, हे लोक माझ्या तोंडाकडं बघतात आणि दुसऱ्याला शोधतात.

नंदिनी : मम्मीपण तसंच बघती.

पेमा : बाळाकडं?

नंदिनी : माझ्याकडं. मी शाळेतून आले की दाराकडं बघती. मी आत येऊन उभी राहिले तरी दाराकडंच. जाऊ द्या. पुढं काय झालं?

पेमा : पुढं काय. मोठा झाला, एक दिवस लाल वस्त्रं घडी करून ठेवली आणि घरी आला. आईनं दार उघडलं नाही. तिला लाज, कॅम्पातले लोक काय म्हणतील. मग दिल्लीला गेला. हॉटेलात भांडी घासली, दारू लागली, लिव्हर गेलं. मी जाऊन आणलं त्याला. फार दिवस नाही राहिला.

नंदिनी : मावशी…

पेमा : आमच्यात माणूस गेला की गोंपात, म्हणजे आमच्या देवळात, त्याच्या नावानं दिवे लावतात. तिथला भिक्खू विचारतो, कोणासाठी? नाव सांगावं लागतं. आम्ही सगळे उभे. रिन्पोचेचं नाव सांगावं, तर ते त्यानं सोडलेलं, आणि मुळात ते त्या म्हाताऱ्या लामाचं. सगळे आईकडं बघतात. तिनं इतकी वर्षं त्याला नावानं हाकच मारली नव्हती. भिक्खूनं पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाली, नोर्बू. माझा नोर्बू. मग तिथंच खाली बसली.

नंदिनी : मग तो खरंच तो म्हातारा लामा होता की नव्हता?

पेमा : मला काय माहीत? असेल. माळ तर उचलली होती त्यानं. पण नोर्बू तर होता ना? त्याला कोणी बघितलं?

नंदिनी : ऐका, मला एक सुचलं. मी कानात ओजस म्हणते. धपाट्यांच्या गडबडीत कुणाला ऐकू येतंय? अन् बाहेर मोठ्यानं म्हणते सत्यम. काकूपण खुश, मम्मीपण खुश.

पेमा : हुशार आहे पोरगी. आणि दुसऱ्या दिवसापासून लोक काय हाक मारतील त्याला?

नंदिनी : सत्यम.

पेमा : मग कानातल्या नावाचं काय, लोणचं घालते?

नंदिनी : मग काय करू मी? तुम्हीच सांगा की!

पेमा : मी नाही सांगणार. मला त्या घरात राहायचं नाही, तुला राहायचं आहे. जा आता, तुझ्या मैत्रिणी मोमो थंड करून राहिल्या.

(शनिवारची संध्याकाळ. उस्मानपुऱ्यात नंदिनीच्या घरी बारशाची बांधाबांध चाललेली.)

मम्मी : नंदू, ती निळी पिशवी आण गं. सत्यमचं टोपरं त्यातच ठेवलंय धुऊन. त्याचं त्याला बरोबर बसंल बघ.

नंदिनी : मम्मी, थोडं थांब. पप्पा, टीव्ही बंद करा ना.

पप्पा : काय, भाषण आहे का?

नंदिनी : व्हय, भाषणच समजा.

पप्पा : आधी घुगऱ्यांचे हरभरे भिजत घाल, मग कर भाषण.

नंदिनी : घातलेत मघाच. पप्पा, काकूनं बाळाचं नाव ओजस ठेवलंय.

मम्मी : ठेवलं होतं. आता ती स्वतः व्हय म्हणाली. तुझ्यासमोर म्हणाली.

नंदिनी : नाय कशी म्हणंल ती? तुझं लेकरू गेलंय, मम्मी. तुला नाय म्हणायला कुणाची जीभ उचलंल? माझीपण उचलत नाय.

मम्मी : मग कशाला उचलतीस? किल्ली धरली त्यानं. तू तिथंच होतीस.

नंदिनी : नंतर माझं बोटपण धरलं. आजीची बांगडी धरली, ती तर सोडवता सोडवता आजीला घाम फुटला.

पप्पा : नंदू, पुरं झालं.

मम्मी : नाय, बोलू द्या तिला. बोल ना. भाऊ परत आलेला नकोय तुला? एवढा जड झाला का तो?

नंदिनी : पाहिजे. लई पाहिजे मला. पण मम्मी, दादा मोठा होता माझ्यापेक्षा. माझी सायकल धरून गल्लीभर पळायचा. हे बाळ मला ताई म्हणणार. अन् हे पण कधीतरी सतरा-अठराचं होईल, गाडी मागंल. तेव्हा तू याच्याकडं बघशील का पैठण रोडकडं?

मम्मी : गप! गप बस! अभद्र तोंड तुझं!

पप्पा : कुणी भरवलं हे तुला? सोनियानं?

नंदिनी : काकूला यातलं काहीच माहीत नाय. माझं मी बोलते.

पप्पा : तू नाय म्हणालीस म्हणून बारसं थांबत नसतं. दुसरी कुणी सांगंल नाव. भावकीत पोरींना काय तोटा आहे?

नंदिनी : सांगू द्या. मग मी सगळ्या बायकांसमोर काकूला विचारीन, तुला कोणतं नाव पाहिजे? सरळ विचारलं की तिला खोटं बोलता येत नाय, पप्पा. तुम्हालापण माहितीये.

मम्मी : मग मी येतच नाय. जा तुम्ही बापलेक.

नंदिनी : तू ये, मम्मी. तू नाय आलीस तर काकूला वाटंल तिचंच चुकलं.

मम्मी : येऊन करू काय? सांग ना! वर्ष झालं, ते नाव तोंडात येतं अन् तसंच राहतं. मी कुणाला म्हणू सत्यम? कुणाला हाक मारू मी?

नंदिनी : मला सांग ना त्याचं. मी ऐकते. या घरात कुणी त्याच्याबद्दल बोलतच नाय. पप्पा फोटोसमोरून जाताना भिंतीकडं तोंड करून जातात.

पप्पा : नंदू…

नंदिनी : ओरडू नका, पप्पा. झालं माझं भाषण. मी ठरवलंय. उद्या पाळण्यात वाकून मी ओजस म्हणणार, कानातपण अन् मोठ्यानंपण. सत्यम माझ्या दादाचं नाव आहे, मम्मी. ते मी दुसऱ्या कुणाला देणार नाय.