नोंद घेऊ नका

…ते तुमच्या पुस्तकात असेल वकीलसाहेब, माझ्या घरात नाही. म्हणे कायद्याला धर्म नसतो! — हात जरा वर घ्या, काखेत ओढतोय कोट, तिथं सोडतो थोडा. — नसतो तर नसू दे. पण माणसाला असतो ना? मग त्यानं कोर्टाची पायरी चढताना काय करायचं, ओल्या छत्रीबरोबर दाराबाहेर टेकवून ठेवायचा? आणि जाताना आठवणीनं उचलायचा? तुम्ही नवे आहात, काळा कोटही पहिलाच, म्हणून बोलतोय. नाहीतर गिऱ्हाइकाशी मी कापडाखेरीज बोलत नाही. वडिलांची शिस्त. पण तुम्ही विषय काढलात. — काढलात की! भिंतीवरच्या फोटोतली मुलगी कोण, असं विचारलंत, म्हणजे विषय काढलातच.

माझी मुलगी ती. लाकडी सामानाच्या कारखान्यात फळ्या कापायची, आणि तिची आई तिथंच भुसा झाडायला. गोल करवत असते ना, तिच्यावर लोखंडी झाकण असतं, बोटं आत जाऊ नयेत म्हणून. फोरमननं ते स्वतःच्या हातानं काढलं, पाना घेऊन. का? तर काम उरकत नाही! माझ्या बायकोनं बघितलं, झाडू घेऊन शेजारीच उभी होती. विचारलंसुद्धा तिनं, ‘अहो, झाकण कशाला काढता?’ ‘तू भुसा बघ,’ म्हणाला. आणि जेवणाच्या सुट्टीआधी पोरीची तीन बोटं गेली. उजव्या हाताची. त्याच हातानं काजं करायला शिकवली होती मी तिला. अशी काजं करायची की गिऱ्हाईक बटण लावायच्या आधी बोट फिरवून बघायचं — जाऊ दे. मान सरळ ठेवा.

भरपाईचा दावा लावला, तर कारखान्याचा मालक म्हणाला, झाकण पोरीनंच काढलं. आणि तो फोरमन पिंजऱ्यात उभा राहिला, हात वर केला, देवाला स्मरून खरं सांगेन म्हणाला, आणि धडधडीत खोटं बोलला! जीभ अडखळली नाही मेल्याची. टायपिस्टबाईनं खडखड करून सगळं उतरवून घेतलं. का नाही घेणार? शपथ झाली होती ना! शपथ म्हणजे कसं, दारावरचा शिक्का — एकदा बसला की आत काय नेताय ते कुणी बघत नाही.

मग बायकोला बोलावलं. कारकून म्हणाला, माझ्यामागून म्हणा. हिनं हात खालीच ठेवला. पुन्हा म्हणाला. तर म्हणाली, ‘मी शपथ घेत नाही. आमच्यात घेत नाहीत. मी खरं सांगते, तुम्ही विचारा.’ मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. हसणारच! आमचा पंथ केवढासा, सगळे मिळून या दुकानात बसतील. ना इमारत, ना पाटी. कुणाच्या तरी खोलीत जमतात, गप्प बसतात, घरी जातात. पण एक गोष्ट लहानपणापासून कानावर पडते — शपथ घ्यायची नाही. का? तर शपथेवर खरं बोलेन म्हणणारा बाकीच्या वेळी खोटं बोलायची मुभा मागून घेतो. आमच्यात प्रत्येक शब्द सारखाच. भाजीवाल्याशी बोललेला आणि जज्जाशी बोललेला.

मी म्हटलं होतं तिला, आदल्या दिवशी. पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. अगं, चार शब्द आहेत. एका श्वासात म्हणून टाक. पोरीसाठी. तर म्हणते, ‘पोरीसाठीच खरं बोलायचंय ना? मग सुरुवातच वाकडी कशाला करू?’ आता बोला! अशा बाईपुढं डोकं फोडून घ्यावं माणसानं, दुसरं काय.

— हो, आहे ना सोय! मला शिकवता? श्रद्धेच्या आड शपथ येत असेल तर नुसत्या शब्दावर साक्ष घेता येते, तसं कलम आहे. जज्जानंच वाचून दाखवलं. पण पुढं मेख. ती श्रद्धा खरी असल्याचं कोर्टाला पटलं पाहिजे! आता श्रद्धा कशी पटवून द्यायची? छाती फाडून दाखवायची? तुमच्या धर्माची नोंदणी कुठं आहे, प्रमुख कोण, ग्रंथ कोणता — मालकाचा वकील विचारतोय, आणि ही प्रत्येकाला ‘नाही’ म्हणतेय. शेवटी जज्ज म्हणाला, ही श्रद्धा नव्हे, हा हट्ट. साक्ष घेता येणार नाही, बाई, खाली उतरा.

उतरली नाही. ऐका पुढं. तिथंच उभी राहून सांगायला लागली. झाकण, पाना, फोरमन काय म्हणाला, करवतीचा आवाज कसा बदलला, पोरीचं बोट भुशातून तिनं कसं उचललं — सगळं. जज्ज म्हणाला, ‘नोंद घेऊ नका.’ टायपिस्टबाईनं हात मांडीवर ठेवले. पोलीस पुढं आला, पण हात लावेना. सगळ्या खोलीनं ऐकलं, साहेब. फोरमननं मान खाली घातली ती वर काढली नाही. जज्जानं ऐकलं! कान काही उतरवून ठेवले नव्हते त्यानं. बोलून झाल्यावर पदरानं तोंड पुसून ती खाली आली. आणि कागदावर? कागदावर काही नाही. माझी बायको त्या दिवशी कोर्टात बोललीच नाही!

मालक सुटला. पोरीच्या नावावर निष्काळजीपणा. मी भांडलो घरी, नको नको ते बोललो. बायको तिच्या बहिणीकडे निघून गेली. पोरगी माझ्याकडे राहते, आईचं नाव काढत नाही.

— काय म्हणालात? हट्ट आहे हे जज्जानं कशावरून ठरवलं? ठरवलं! जज्ज आहे तो, ठरवायला कशाला काय लागतं — वळू नका, टाचण्या आहेत पाठीला. — कुणाला तरी विचारलं असेल म्हणजे? हो, विचारलं. विचारलं मला. मालकाच्या वकिलानं उभं केलं मला पुन्हा. ‘तुम्ही त्याच पंथाचे ना? सकाळी पोरीच्या पगाराबद्दल साक्ष दिलीत, तेव्हा शपथ घेतलीत ना?’ घेतली म्हटलं. घेतली होती! काय करणार, सगळे बघत होते, म्हणून टाकली. ‘मग तुमच्यात शपथ चालते?’ आता तुम्हीच सांगा, काय बोलायचं? नाही चालत, मी कच्चा आहे आणि ही पक्की, असं म्हणायचं? भरल्या कोर्टात? मला वाटलं, ही वाट बंद झाली की घेईल मुकाट्यानं शपथ. तिच्या भल्यासाठीच. म्हटलं, ‘चालते.’ एवढंच. त्याची मात्र नोंद झाली.

तिनं बघितलं माझ्याकडं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

— अपील? वा! आणि त्यात मी प्रतिज्ञापत्र द्यायचं, की शपथेवर मी खोटं बोललो, हे आता शपथेवर सांगतो! कुठली शपथ खरी धरणार तुमचं कोर्ट, पहिली की दुसरी? हसू नका. — नाही हसलात? मग ठीक आहे. — आणि पोरीला काय सांगू? ती तेव्हा इस्पितळात होती, हाताचं दुसरं ऑपरेशन. घरी आल्यावर तिनं विचारलं, आईची साक्ष का घेतली नाही? मी म्हटलं, आईचा हट्ट नडला. रडली, आणि मग तिनं आईशी बोलणंच टाकलं. मी काही तिला बोलू नको म्हटलं नव्हतं. तिचं तिनं ठरवलं.

असं बघू नका माझ्याकडं. तुम्ही कोट शिवायला आलात ना? मग कोटाचं बोला. शिकून आलात काल आणि मला — काढा तो. सावकाश, टाचण्या लागतील. नाही, आज नाही होणार. परवाही नाही. दुसरीकडं शिवा, पुष्कळ शिंपी आहेत गावात. जा म्हणतो ना!

आणि दार ओढून घ्या. पोरगी येईल एवढ्यात.