कुणाच्या हातचा जंतू

तिघा नवजात बाळांच्या अंगावर पुवाचे फोड आले होते. त्यातल्या एकाची आई प्रयोगशाळेबाहेर अहवालाची वाट बघत बसली होती. शेजारच्या बाकावर त्याच वॉर्डातल्या दोघी परिचारिका कुजबुजत होत्या.

“ताई, माझाच जंतू निघाला तर?”

“अगं, तो जंतू सगळ्यांच्याच कातडीवर असतो.”

“असतो, पण प्रत्येकाचा वाण वेगळा. जनुकं जुळवून बघतात ते. बाळांचा आणि माझा एकच निघाला, म्हणजे माझ्याच हातून गेला.”

“हात धुतेस ना नीट?”

“सोलवटेपर्यंत धुते गं. तरी हल्ली बाळाला उचलायचं म्हटलं की तुलाच हाक मारते.”

दार उघडून तंत्रज्ञ बाहेर आला.

“सिस्टर, तुमचा जुळला नाही. तुमच्या ताईंचाही नाही.”

धाकटीला रडूच फुटलं. थोरलीने विचारलं, “आणि बाळांचा?”

“तिघांचा वाण एकच आहे. एका आईचं जास्तीचं दूध बाकीच्या दोघांनाही देत होतात ना? त्यांच्या कातडीचा नमुना हवाय. कोण त्या?”

“मीच,” आई कशीबशी उठली. “अहो, सकाळी दिलेलं दूध... पाजलं का हो त्यांना?”